प्राध्यापकपदाचा अर्ज: छाननी समितीच्या आधी आपली छाननी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी गडहिंग्लज तालुक्यातील एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. २००८ ते २०१२ तासिका तत्त्वावर होते. जून २०१२ मध्ये निवड समितीमार्फत पूर्णवेळ नियुक्ती झाली. २०१४ ते २०१६ ही दोन वर्षे रजा घेऊन पीएच.डी. पूर्ण केली. सध्या सहायक प्राध्यापक असून शैक्षणिक स्तर १२ वर आहे. कॅसचा, म्हणजे सेवेतल्या बढतीच्या योजनेचा, पुढचा प्रस्ताव अजून मार्गी लागलेला नाही. शोधनिबंधांची आणि इतर कामाची यादी सोबत जोडली आहे. माझ्या हिशेबाने माझा संशोधन गुणांक १९५ होतो. विद्यापीठाच्या अधिविभागात प्राध्यापकपदाची जाहिरात निघाली तर मी अर्ज करावा का? सहकारी म्हणतात की सहयोगी प्राध्यापक झाल्याशिवाय हा अर्ज चालतच नाही, आणि चालला तरी जागा आधीच ठरलेली असते. प्राचार्य ना हरकत देतील याची खात्री नाही. समजा निवड झाली आणि तिकडे जमले नाही, तर इथली नोकरीही जाईल का?"

आपले पत्र आणि सोबतची यादी काळजीपूर्वक वाचली. यादी जोडलीत हे फार बरे केलेत, कारण अशा प्रश्नाला केवळ धीर देणारे उत्तर लिहिणे सोपे असते आणि त्याचा उपयोग काहीच नसतो.

पहिला खुलासा आपल्या सहकाऱ्यांच्या म्हणण्याचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी किमान १० वर्षांचा अध्यापनाचा अनुभव मागितला आहे आणि तो सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक यांपैकी कोणत्याही पदावरचा चालतो. त्यामुळे सहयोगी प्राध्यापकपदाची पायरी चढल्याशिवाय अर्जच करता येत नाही, हा समज चुकीचा आहे. तो रूढ झाला याचे कारण असे, की महाविद्यालयात आपण सगळे कॅसच्या बढत्यांच्या भाषेत विचार करतो, आणि कॅसमध्ये एका पायरीनंतरच दुसरी येते. थेट भरतीचा मार्ग वेगळा आहे. तिथे अर्जदार आज कोणत्या स्तरावर आहे यापेक्षा त्याच्याजवळ काय आहे आणि ते कागदावर सिद्ध होते का, एवढेच पाहिले जाते.

आता अनुभवाचा हिशेब. तासिका तत्त्वावरची चार वर्षे आपण धरली आहेत. ती वजा करावीत. नियमावलीनुसार पूर्वीची तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा धरायची असेल तर पदाची अर्हता तीच असावी लागते, नेमणूक रीतसर निवड समितीच्या शिफारशीने झालेली असावी लागते आणि मिळणारे एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे लागते. आपल्याकडे तासिकेवर शिकवणाऱ्याला काय मिळते हे कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या कोणत्याही शिक्षकाला वेगळे सांगायला नको. शेवटच्या अटीवरच तो अनुभव गळतो. हे अन्यायकारक आहे असे माझे मत आहे, परंतु अर्ज माझ्या मतावर तपासला जाणार नाही.

पीएच.डी.च्या काळाबद्दलही नियम स्पष्ट आहे. शिकवत असताना, कोणतीही रजा न घेता जे संशोधन केले त्या काळातली सेवा अध्यापनाचा अनुभव म्हणून धरली जाते. पदवीसाठी रजेवर घालवलेला काळ धरला जात नाही. म्हणजे २०१४ ते २०१६ ही दोन वर्षेही वजा. तरीही जून २०१२ पासूनच्या सेवेतून ती काढल्यावर आपली १० वर्षे पूर्ण होतात, त्यामुळे या अटीची चिंता नको. फक्त अर्जात ही दोन वर्षे आपण होऊन वेगळी दाखवावीत. रजेचा काळ अनुभवात मिसळून लिहिलेला आढळला, की छाननी करणारा पुढचा प्रत्येक आकडा संशयाने पाहू लागतो.

खरा प्रश्न संशोधन गुणांकाचा आहे आणि इथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल. प्राध्यापकपदासाठी किमान १२० गुण आणि समकक्ष परीक्षित (म्हणजे त्याच विषयातील तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या) किंवा आयोगाच्या यादीतील नियतकालिकांत किमान १० शोधनिबंध हवेत. आपण १४ निबंधांना सरसकट १० गुण देऊन १४० केले आहेत. सामाजिक शास्त्रांसाठी एका निबंधाला १० गुण हे बरोबर आहे (विज्ञान शाखांना ८ आहेत), परंतु ते एकट्याने लिहिलेल्या निबंधाला. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७ गुण. दोनपेक्षा अधिक असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. आपल्या यादीत एकटीचे निबंध ५ आहेत, त्यांचे ५०. जोडीने लिहिलेले ४, त्यांचे २८. आणि तीन लेखकांपैकी शेवटचे नाव आपले आहे असे २, त्यांचे ६. हे झाले ८४.

उरलेले तीन निबंध मी धरलेले नाहीत. ज्या मासिकांत ते छापले आहेत त्यांच्याविषयी आपण स्वतःच लिहिले आहे, की पैसे भरल्यावर आठवड्याभरात स्वीकृतीचे पत्र आले. समकक्ष परीक्षण आठवड्याभरात होत नाही. आपल्या नियुक्तीनंतरच्या वर्षांत पूर्वीच्या एपीआय या कामगिरीला गुण देण्याच्या पद्धतीमुळे अशा मासिकांचे पीक राज्यभर आले होते आणि कित्येक चांगल्या शिक्षकांनी घाईत त्यांत निबंध दिले. तेव्हा यात शरम मानण्यासारखे काही नाही. पण निवड समितीतील विषयतज्ज्ञांना ती नावे पाठ असतात. प्रकाशनांच्या संपूर्ण यादीत हे निबंध प्रामाणिकपणे नमूद करावेत, गुण मात्र मागू नयेत. ते वगळूनही आपले ११ निबंध उरतात आणि १० ची अट पूर्ण होते.

या ११ निबंधांसाठी एक काम आजच सुरू करावे. आयोगाची दर्जेदार नियतकालिकांची 'केअर' यादी २०१९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद केल्याचे आयोगाने जाहीर केले. त्याआधी मान्यताप्राप्त नियतकालिकांची वेगळी यादी होती आणि तिच्यातून २०१८ मध्ये हजारो नावे एकदम वगळली गेली. त्यामुळे आपला निबंध ज्या महिन्यात प्रसिद्ध झाला त्या महिन्यात ते नियतकालिक यादीत होते, याचा छापील पुरावा प्रत्येक निबंधामागे लावावा लागेल. जिथे तो मिळणार नाही तिथे समकक्ष परीक्षण झाल्याचे संपादकांचे पत्र किंवा परीक्षकांचे अभिप्राय जोडावेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात एक दिवस काढलात तर नियतकालिकांच्या मूळ अंकांचे मुखपृष्ठ, संपादक मंडळाचे पान आणि अनुक्रमणिका यांपैकी बरेच काही एका जागी पाहता येईल. संगणकावरचे दुवे काही वर्षांत मरतात. छापील पान टिकते.

बाकीचे घटक लवकर उरकू. संपादित ग्रंथांतील दोन प्रकरणांचे प्रत्येकी ५ प्रमाणे १० गुण योग्य आहेत. लघु संशोधन प्रकल्प १० लाखांच्या आतला आहे, त्याला ५ गुण. पण तो सहकाऱ्याबरोबर केला असल्याने निम्मे, म्हणजे २.५. भारतातच झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदांत वाचलेल्या चार निबंधांचे आपण २० गुण लावले आहेत. त्यांपैकी तीन पुढे ग्रंथात वा इतिवृत्तात छापून आले आणि त्यांचे गुण आपण वर एकदा घेतले आहेत. एकाच लेखनाचे गुण दोनदा मिळत नाहीत, म्हणून इथे ५ उरतात. व्याख्याने आणि परिषदा यांच्या गुणांवर एकूण गुणांकाच्या ३० टक्क्यांची मर्यादाही असते, पण आपण तिच्या जवळपासही नाही. सहापैकी किमान तीन गटांतून गुण यावेत ही अट आपण चार गटांनिशी पूर्ण करता.

राहिले मार्गदर्शन. पदवी मिळालेल्या विद्यार्थ्याचे १० गुण, प्रबंध सादर केलेल्याचे ५. आपण दोघांचे मिळून २० लिहिले आहेत, ते १५ होतात. सगळी बेरीज ११६.५.

म्हणजे आज आपण उंबरठ्याच्या साडेतीन गुण अलीकडे आहात. दुसऱ्या विद्यार्थ्याची मौखिक परीक्षा होऊन पदवीची अधिसूचना निघाली की ५ चे १० होतील आणि बेरीज १२१.५ वर जाईल. परीक्षित नियतकालिकांतील निबंधांना आणि प्रभावांक (इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे निबंधांचा इतरत्र किती संदर्भ घेतला जातो त्याचा आकडा) असलेल्या नियतकालिकांना वाढीव गुण देण्याची तरतूद नियमावलीत आहे हे मला ठाऊक आहे, आणि ते धरले तर आपण आजच पात्र ठरता, असे आपल्याला कोणीतरी सांगेलही. अर्जाच्या नमुन्यात तो रकाना असेल तर ते गुण जरूर मागावेत. परंतु आपला निर्णय त्यांवर उभा करू नये. प्रभावांक थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणेच ग्राह्य असतो. नियतकालिकाने स्वतःच्या मुखपृष्ठावर छापलेला कुठल्यातरी संस्थेचा आकडा त्यासाठी चालत नाही. वाढीव गुण बाजूला ठेवूनही जो अर्ज १२० च्या वर राहतो, तोच कोणत्याही छाननीत निर्धास्त राहतो.

इथे तारखांचे महत्त्व लक्षात घ्यावे. पात्रता अर्जाच्या अंतिम दिनांकाला पाहिली जाते, मुलाखतीच्या दिवशी नव्हे. जाहिरात आज निघाली आणि विद्यार्थ्याची अधिसूचना अंतिम दिनांकानंतर दोन दिवसांनी आली, तर ते ५ गुण आपले नाहीत. मार्गदर्शक म्हणून परीक्षकांच्या अहवालांत आपल्याला हात घालता येत नाही आणि घालूही नये. परंतु अहवाल आले का, मौखिक परीक्षेची तारीख प्रस्तावित झाली का, याची लेखी विचारणा परीक्षा विभागाकडे करणे हा आपला अधिकार आहे आणि विद्यार्थ्याच्याही हिताचा आहे. ती या आठवड्यातच करावी. शिवाय प्राध्यापकपदासाठी विद्यार्थ्याला यशस्वीरीत्या मार्गदर्शन केल्याचा पुरावा लागतोच. पहिल्या विद्यार्थ्याच्या अधिसूचनेवर मार्गदर्शक म्हणून आपलेच नाव आहे, हे एकदा डोळ्यांखालून घालावे.

मग अर्ज करावा का? माझे उत्तर असे: अधिसूचना हातात असेल तर प्राध्यापकपदासाठी अवश्य करावा, आणि त्याच जाहिरातीत सहयोगी प्राध्यापकाची जागा असेल तर तिथेही स्वतंत्र अर्ज भरावा. सहयोगी प्राध्यापकपदाला ८ वर्षांचा अनुभव, ७ शोधनिबंध आणि ७५ गुण लागतात. तिथे आपण आजच भक्कम आहात. स्पष्टच सांगायचे तर आपली खरी संधी मला तिथे दिसते. प्राध्यापकपदासाठी आपल्यासमोर असे उमेदवार असतील ज्यांनी पाच-सहा विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत नेले आहे आणि मोठे प्रकल्प पार पाडले आहेत. १२१ गुणांनी दार उघडते, त्यांच्या बरोबरीने बसवत नाही. सातव्या वेतन आयोगानुसार प्राध्यापकाचा स्तर १४, सुरुवातीचे मूळ वेतन १,४४,२०० रुपये. सहयोगी प्राध्यापकाचा स्तर १३ अ, मूळ वेतन १,३१,४००. हा फरक काही आयुष्य अडवून ठेवण्याइतका नाही, आणि अधिविभागात आल्यावर पदव्युत्तर वर्ग, संशोधक विद्यार्थी आणि प्रकल्प यांची जी संगत मिळते ती तालुक्याच्या महाविद्यालयात बसून मिळवणे फार कठीण असते.

अर्ज भरताना जाहिरात शब्दन् शब्द वाचावी. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. पण ज्या नियमांचा उल्लेख आपल्या जाहिरातीत असेल तेच आपल्याला लागू, चर्चा नव्हे. कागदपत्रे आणि मुलाखत यांना किती भार दिला जाईल, हेही तिथेच पाहावे. मागास प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास त्या मुदतीचे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आधी काढून ठेवावे. अनुभवाच्या दाखल्यावर नियुक्तीची तारीख, पद, वेतनश्रेणी, निवडीची पद्धत आणि विद्यापीठ मान्यतेच्या पत्राचा क्रमांक, हे सगळे असावे. नुसते "आमच्या महाविद्यालयात कार्यरत आहेत" असे दोन ओळींचे पत्र निरुपयोगी असते. प्रत्येक मागितलेल्या गुणासमोर पुरावा कोणत्या पानावर आहे ते लिहावे आणि पूर्ण संचाला सलग पृष्ठक्रमांक द्यावेत. छाननी समितीपुढे एका दिवसात कित्येक गठ्ठे येतात. ज्याचा कागद सापडत नाही त्याचा गुण कापला जातो, आणि त्यात कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही.

जागा ठरलेली असते, या बोलण्याबद्दल. असे कधीच होत नाही असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. तथापि निवड समितीत कुलगुरूंसोबत कुलपतींचे प्रतिनिधी असतात, बाहेरच्या विद्यापीठांतले विषयतज्ज्ञ असतात, आणि आयोगाच्या नियमाप्रमाणे बाहेरचे किमान दोन तज्ज्ञ हजर असल्याशिवाय गणपूर्ती होत नाही. शिवाय माझे निरीक्षण असे, की "ठरलेली जागा" हे वाक्य सर्वांत मोठ्याने ते बोलतात ज्यांनी अर्ज भरलेला नसतो. पात्र-अपात्र उमेदवारांची यादी लागल्यावर हरकत नोंदवायला मुदत दिली जाते, आणि माहितीच्या अधिकारात छाननीचे गुण मागता येतात. हे दोन्ही मार्ग फक्त अर्जदारालाच उपयोगी पडतात. कोणा व्यवस्थापन परिषद सदस्याला किंवा पुढाऱ्याला भेटून यावे असे कोणी सुचवील, जाऊ नये. त्याने काम होण्यापेक्षा नाव होण्याचा संभव अधिक.

मुलाखतीत प्राध्यापकपदाच्या उमेदवाराला पाठ्यपुस्तकातले प्रश्न फारसे विचारले जात नाहीत. या अधिविभागात तुम्ही पुढे काय उभे करणार, हा प्रश्न फिरून फिरून येतो. आपला संशोधनविषय गुऱ्हाळघरांचे अर्थकारण हा आहे आणि कोल्हापुरात बसून यापेक्षा चांगला विषय असू शकत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने शेतकऱ्याच्या हातात किती पडले, साखर कारखान्यांच्या ऊसदरापुढे गुऱ्हाळे का मागे हटत आहेत, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी नदीकाठच्या ऊसक्षेत्रावर काय परिणाम केला, या प्रश्नांवर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे मागता येईल असा एका मोठ्या प्रकल्पाचा दोन पानी आराखडा तयार करून न्यावा. त्यात किती गावे, कोणती माहिती, किती वर्षे आणि किती खर्च, हे ठरलेले असावे. बाहेरच्या तज्ज्ञांसाठी हेच पाच मिनिटांत इंग्रजीतूनही सांगता आले पाहिजे. इंग्रजीत अडखळलात तर मराठीत उत्तर पुरे करावे. अर्धवट इंग्रजीपेक्षा पूर्ण मराठी बरी. संशोधक विद्यार्थी किती घेता येतात हेही ठाऊक असावे: आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४.

केवळ कोल्हापूरच्या जाहिरातीची वाट पाहत बसू नये, असेही सुचवतो. सोलापूर, पुणे, नांदेड येथील विद्यापीठांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. गडहिंग्लजहून बेळगावही फार दूर नाही आणि तिथे राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. मात्र दुसऱ्या राज्यात महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्रावर आरक्षित जागा मिळत नाही, खुल्या गटातून अर्ज करावा लागतो, आणि स्थानिक भाषेची किंवा रहिवासाची अट असू शकते.

प्राचार्यांच्या ना हरकत पत्रासाठी जाहिरात निघाल्याच्या दिवशीच लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. तोंडी विनंती करून आठ दिवस वाट पाहण्यात मुदत संपते. अर्ज योग्य मार्गाने म्हणजे महाविद्यालयामार्फत पाठवावा, त्याची आगाऊ प्रत थेट कुलसचिवांकडे मुदतीत पोहोचवावी, आणि ना हरकत पत्र मुलाखतीच्या वेळी सादर केलेले चालते का, हे जाहिरातीत पाहावे. उल्लेख नसेल तर कुलसचिव कार्यालयाला लेखी विचारावे. बहुतेक प्राचार्य ना हरकत नाकारत नाहीत, त्यांना फक्त सत्राच्या मध्ये वर्ग उघडे पडण्याची भीती असते. आपल्या जागी अध्यापनाची काय व्यवस्था करता येईल याची एक टिपणी अर्जासोबत दिलीत तर त्यांचेही काम सोपे होईल.

इथल्या नोकरीबद्दलची आपली शेवटची शंका रास्त आहे. निवड झाल्यास नियुक्तीपत्र मिळताच संस्थेकडे धारणाधिकार मागावा, म्हणजे विद्यापीठातील परिवीक्षा काळ संपेपर्यंत आपले इथले पद आपल्या नावावर राहते. संस्थेच्या ठरावाची प्रत आणि किती काळासाठी धारणाधिकार दिला आहे याचे पत्र हातात घ्यावे. कार्यमुक्तीचा आदेश त्यानंतरचा. आणि कार्यालयाने सवयीने राजीनाम्याचा छापील नमुना पुढे केला, तर त्यावर सही न करता कार्यमुक्तीचाच अर्ज द्यावा, कारण राजीनामा दिल्यावर धारणाधिकार उरत नाही.